नुसतं म्हणा

आमच्या घरात चहा मागितला जात नसे, म्हटला जात असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कीर्तनकार होते. सकाळची पूजा आटोपून पाटावरून उठता उठता ते जो 'चहा' उच्चारत, त्यातला 'च' जमिनीवर असे आणि 'हा' सावकाश चढत चढत कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांच्या छताला जाऊन टेके. तिथे तो वाट बघत थांबे. स्वयंपाकघरातून आईचं "ऐकू आलं" असं कोरडं उत्तर आलं की मग तो खाली उतरे. शेजारच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली, की अण्णा वर्तमानपत्र खाली करून "पांढरी चार" असं पेटीच्या पट्टीचं नाव सांगत आणि पुन्हा बातम्यांत शिरत. त्या कुकरचं रबर बदललं, तेव्हा "उतरलाय बिचारा" म्हणून दोन दिवस हळहळत होते. खाली भाजीवाला "मेऽथी" करत आला, की आई मेथी कशी आहे ते बघे आणि अण्णा मेथी कशी म्हटली ते. एकदा एका नव्या भाजीवाल्याचं म्हणणं इतकं आवडलं, की अण्णा स्वतः जिने उतरून दोन जुड्या घेऊन आले. दोन्ही पिवळ्या पडलेल्या. आईनं त्या निवडायला घेतल्या आणि म्हणाली, "घालते हीच. सुरात खा."

अण्णांचं एक लाडकं मत होतं आणि ते ऐकायला घरात मी एकटाच हाताशी असे. त्यांचं म्हणणं, मराठी माणूस मुळात बोलत नाही आणि गातही नाही, तो म्हणतो. "पाढे म्हणतोस ना? आरती म्हणतोस, कविता म्हणतोस, गाणंसुद्धा म्हणतोस. आणि रस्त्यात कोणी भेटला, तर 'काय म्हणता?' हेच विचारतोस. सगळ्याला एकच क्रियापद. का? तर पूर्वी ते एकच काम होतं." जात्यावरच्या बायका सासूची तक्रारच करत, पण ओवीतून करत. नाटकातला नायक बोलता बोलता वाक्याच्या शेवटी जरा लांबवी, पेटीवाला सूर देई, आणि तो गायला कधी लागला हे प्रेक्षकांना पुढच्या ओळीला कळे. मग कोणीतरी भिंत घातली. गाणारे एका बाजूला बसले, त्यांना शब्दांची अडचण व्हायला लागली. बोलणारे दुसऱ्या बाजूला गेले आणि रेडिओवर बातम्या द्यायला लागले. "आणि मधल्या दारात आम्ही कीर्तनकार उभे," अण्णा म्हणत, "एक पाय इकडे, एक पाय तिकडे." आई आतून विचारी, "दार लावून घेऊ का? डास येतायत."

मला मात्र वडिलांचा आवाज आला नाही. माझा आवाज असा आहे की मी गणपतीची आरती म्हणायला लागलो की लोक टाळ्या जोरात वाजवतात. कॉलेजात असताना अण्णांच्या मागे झांज धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे असे. एकदा कीर्तनाच्या उत्तरार्धात, उत्तररंगात, कथेतला राजपुत्र वनवासाला निघालेला, देवळात सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, आणि मी उभ्या उभ्या डुलकी घेतली. झांज फरशीवर पडली. जो काय आवाज झाला, तो गाभाऱ्यातून फिरून परत आला. अण्णांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याच सुरात ते म्हणाले, "आणि त्या क्षणी आकाशात वीज कडाडली." बायका अजूनच रडल्या. घरी येताना मला म्हणाले, "वीज बरी होती. पुढच्या वेळी सांगून पाड."

पुढच्या वेळा मात्र कमी होत गेल्या. कोथरूडमध्ये एकामागून एक सोसायट्या उठत होत्या, गच्च्यांवरून केबलच्या वायरी इकडून तिकडे चालल्या होत्या, आणि संध्याकाळी देवळात बसायचं ते लोक घरी बसायला लागले होते. आमच्या घरात ही बातमी नारळांनी आणली. कीर्तनाला बिदागीबरोबर नारळ मिळतोच, त्यामुळे आमच्याकडे आमटीत खोबरं, भाजीवर खोबरं, पोह्यांवर तर पोहे दिसू नयेत इतकं खोबरं. नारळ विकत मिळतो हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एका रविवारी आई पिशवीतून भाज्यांबरोबर एक नारळ घेऊन आली आणि तो फडताळात ठेवला. अण्णांनी तो पाहिला. त्या दिवशी चहाचा 'हा' छतापर्यंत गेला नाही, ट्यूबलाइटपाशीच थांबला.

त्याच सुमारास मला नोकरी लागली. आजच्या सॉफ्टवेअर कंपनीची खराडीतली काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. आमची कंपनी म्हणजे कोथरूडमधलाच तळमजल्यावरचा एक फ्लॅट, पाच माणसं आणि तीन कॉम्प्युटर. दारावरच्या पाटीत 'सिस्टिम्स' असा शब्द होता, तो वाचून आठवड्यातून एखादा तरी माणूस बिघडलेला टेपरेकॉर्डर घेऊन येई. मालक भागवत सर परदेशातून परत आलेले, अत्यंत हुशार आणि अत्यंत घाईत. माझ्या शेजारी अमरावतीचा वानखेडे बसायचा. आम्हाला काम मिळालं होतं ते बोलणाऱ्या कॉम्प्युटरचं: एका मोठ्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या रुग्णांचे नंबर यंत्रानं पुकारायचे. शब्द सुटे सुटे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि वेळ आली की कॉम्प्युटरनं ते ओळीनं जोडून वाजवायचे. ठरलेल्या निवेदिकाबाई आयत्या वेळी लग्न ठरून नागपूरला गेल्या, भागवत सर डोक्याला हात लावून बसले, आणि मी, विचार न करता तोंड उघडण्याची माझी सवय जुनी, म्हणालो, "सर, आमच्या वडिलांचा आवाज आहे."

"कसला आहे?"

"मोठा आहे, सर."

अण्णा आले ते धोतर, उपरणं, पगडी आणि गंध अशा संपूर्ण तयारीनं. भागवत सर गडबडले. "अहो, फक्त आवाज घ्यायचाय."

"आवाज घरच्या बनियनवर निघत नाही," अण्णा म्हणाले.

अडगळीच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून आम्ही स्टुडिओ केला होता. अण्णांनी गाद्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "श्रोते कुठायत?" श्रोत्यांशिवाय कोणाला सांगायचं, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता. शेवटी वानखेडेला समोर स्टुलावर बसवलं. मग अण्णांनी एक ते शंभर अंक म्हटले. मराठीत ते एकेक करूनच घ्यावे लागतात. एकवीस कळलं म्हणून एक्केचाळीस कळतं असं आपल्याकडे नाही. 'कृपया', 'क्रमांक', 'खोली', 'मध्ये यावे' हेही म्हटले. शंभर झाल्यावर वानखेडेनं टाळ्या वाजवल्या, त्यामुळे शंभर पुन्हा घ्यावा लागला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "तुह्ये बाबा काय भारी मोजतात बे. मले वाटलं आता पुढं काय होते, पुढं काय होते."

दुसऱ्या दिवशी भागवत सरांना ऐकवलं. कॉम्प्युटरनं मनाला येईल ते आकडे उचलले. क्रमांक, एकोणपन्नास, कृपया, खोली क्रमांक, दोन, मध्ये यावे. 'क्रमांक' गंभीर. 'एकोणपन्नास' असा उंच लटकलेला, की त्याच्यापुढे काहीतरी घडणारच. 'कृपया'मध्ये इतकी करुणा, की ऐकणाऱ्याला आपला आजार बरा होणारा नाही असं वाटावं. आणि 'मध्ये यावे' हे थेट कथेच्या शेवटासारखं, आता आरती घ्या असं सुचवणारं. भागवत सर शांतपणे म्हणाले, "हा पेशंटला आत बोलावतोय की वर?"

सपाट आवाज हवा, आठवड्यात हवा, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं मला सांगण्यात आलं. घरी हे सांगायचं कसं याची मी लुनावर पूर्ण रंगीत तालीम केली, त्या नादात आमची गल्ली मागे टाकून पुढे गेलो. रात्रीच्या जेवणाला थालीपीठ होतं. अण्णांनी पहिला घास घेतला आणि मी तालीम केलेलं सगळं विसरून एकदम म्हणालो, "अण्णा, सर म्हणाले आवाज उत्तम आहे. फक्त नुसतं म्हणा. गाऊ नका."

अण्णांचा घास तोंडातच राहिला. "मी गात नव्हतो. म्हणतच होतो."

"म्हणजे... बोला."

"बोलतच होतो."

"अरे, त्यांना जे येत नाही ते कशाला सांगतोस?" आईनं तव्यावरचं थालीपीठ उलटत विचारलं. मला वाटतं तिनं ते बोलायला नको होतं, कारण अण्णा ताठ झाले. "सांग तुझ्या सरांना," ते म्हणाले, "येतो मी. नुसतं म्हणायला येतो."

ते हात धुवायला उठले तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "हे करायला घेतलंयस, तर नीट पार पाड. इथूनही नको म्हणून परत आले ना, तर पुन्हा कुठे उभे राहायचे नाहीत ते." तोपर्यंत मी या प्रकाराकडे नुसता माझ्या नोकरीचा घोटाळा म्हणून बघत होतो.

मग आमच्या घरात नुसतं म्हणण्याचा सराव सुरू झाला. अण्णा रेडिओसमोर बसून बातम्या ऐकत आणि प्रत्येक वाक्य तसंच्या तसं परत म्हणत. मान हलू नये म्हणून भिंतीला डोकं टेकवून बसत. हात हलू नयेत म्हणून ते मांडीखाली घेत. पहिल्या सकाळी त्यांनी "चहा" म्हटलं. नुसतं. दोन अक्षरं, एका उंचीवर, कापून ठेवल्यासारखी. आई ओल्या हातानं धावत बाहेर आली आणि तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. दूधवाल्यानं जिन्यात मला थांबवून विचारलं, "काका रागावलेत का? हिशेबाचं काही असेल तर सांगा." कुकर शेजारी शिट्ट्या मारून दमला, पण त्याची पट्टी कोणी सांगितली नाही. अभ्यासाच्या वयात मी ज्या शांततेसाठी आईपाशी भांडलो होतो, ती आता पुरेपूर मिळाली, आणि घर एखाद्या सरकारी कचेरीसारखं वाटायला लागलं.

दुसरं ध्वनिमुद्रण अर्ध्या वेळात झालं. या खेपेला अण्णा शर्ट-पायजम्यावर आले होते आणि त्यांनी श्रोता मागितला नाही. भागवत सर खूश. "परफेक्ट. हे बघ, असं पाहिजे." त्यांनी मोठेपणानं अण्णांनाही ऐकवलं. स्पीकरमधून 'क्रमांक' आला, 'बेचाळीस' आला, 'यावे' आलं. अण्णांनी कान देऊन ऐकलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

"तुम्हीच, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. लुनावर मागे बसून घरी येईपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत, नाहीतर एरवी मागे बसून ते दुकानांच्या पाट्यासुद्धा म्हणत.

माझा मुलगा आता खराडीला नोकरी करतो. तो कानात बोंडं घालून जे ऐकतो, त्यात गाणारा गात नाही, भराभर बोलतो, ठेक्यात, यमकं जुळवत, श्वास न घेता. मी एकदा एक बोंड मागून घेतलं आणि हसायलाच लागलो. "हा कटाव आहे रे," मी म्हणालो. "तुझे आजोबा कीर्तनात लढाईचं वर्णन आलं की असंच म्हणायचे." मुलानं माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं, त्याच दयेनं मी एके काळी अण्णांकडे पाहत असे. आणि त्याचा फोन तर आता त्याच्याशी इतक्या लाडिक चढ-उतारांनी बोलतो, की भागवत सरांनी ऐकलं असतं तर स्पीकर बंद केला असता. भिंत पडली की काय, हे विचारायला अण्णा नाहीत.

असो. पुन्हा त्या दिवसांकडे, फ्लॉपीवर येतो. नव्या ध्वनिमुद्रणातले शब्द एका फ्लॉपीवर होते आणि अंक दुसऱ्या. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर आधीचं सगळं मी चाचणीसाठी भरून ठेवलेलंच होतं, आता त्याच्या जागी नवं टाकायचं, इतकं सोपं काम. शब्दांची फ्लॉपी मी टाकली. अंकांची फ्लॉपी शर्टाच्या खिशात होती. ज्या शर्टाच्या खिशात होती तो शर्ट मी आदल्या दिवशी घातला होता, आणि आईनं तो सकाळीच भिजवला होता. हे सगळं मला कळलं तेव्हा दवाखान्याचं दालन भरलेलं होतं, मेट्रनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मी बटण दाबून चुकलो होतो.

यंत्र म्हणालं, "क्रमांक." कोरडं, सपाट, परफेक्ट. आणि मग गाद्यांच्या खोलीतले, पगडीतले, वानखेडेला समोर बसवून म्हटलेले अण्णा म्हणाले, "एऽक."

दालनातल्या गप्पा थांबल्या. क्रमांक एक असलेले गृहस्थ तर एखाद्या सत्काराला उठावं तसे उठले. मी घामाघूम होऊन यंत्राच्या मागे लपलो आणि वायरी तपासण्याचं नाटक करू लागलो. पण एक गोष्ट कॉम्प्युटरसमोर बसलेल्या आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. दवाखान्यात नंबर मनाला येईल तसे येत नाहीत, ओळीनं येतात. अण्णांनीही ते ओळीनंच म्हटले होते. आठ जरा पुढे सरकला, नऊ वर लटकला, पुढचा माणूस आत जाईपर्यंत अख्खं दालन त्या नवाखाली ताटकळलं, आणि मग "दहा" असा काही येऊन बसला की दोन-तीन आज्यांनी सुस्कारा सोडला. एकोणीसला सुनेच्या आजारपणाविषयी बोलणाऱ्या एका बाईंना दुसरीनं "थांबा जरा" म्हणून गप्प केलं. वीसला मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी मान डोलावली. तिसाला त्यांनी उघड "वा" म्हटलं.

त्या 'वा'वरच भागवत सर दारातून आत आले. त्यांनी मला वायरींतून ओढून काढलं. "हे काय लावलंयस?"

"सर, अंकांची फ्लॉपी..."

"कुठाय?"

"बादलीत."

ते पुढे काय म्हणणार होते ते मला कधीच कळलं नाही, कारण मेट्रनबाई येऊन उभ्या राहिल्या. "यंत्र तुमचं का?" त्यांनी विचारलं. सर काही बोलणार, एवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, "रोज नंबर पुकारून माझा घसा बसायचा, आणि ज्याचा नंबर तो बाहेर चहा पीत असायचा. आज कोणी जागचं हललेलं नाही. हाच माणूस राहू द्या."

भागवत सरांचा चेहरा कसा बदलला ते बघण्यासारखं होतं. "हो, आम्ही मुद्दामच तसं ठेवलंय," ते म्हणाले. "शब्द साधे, अंक जरा... पुढे जाणारे."

अण्णांना मी काहीच सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर नक्की काहीतरी भलतं बोललो असतो, एवढा अनुभव गाठीशी होता. पुढच्या आठवड्यात फक्त म्हटलं, "अण्णा, चला, यंत्र बघायला." ते नाइलाजानं निघाले. दवाखान्यात खिडकीतल्या मुलीनं त्यांना रुग्ण समजून चिठ्ठी दिली, पन्नास नंबरची, आणि समोरून दिलेली कुठलीही गोष्ट परत करायची नाही या सवयीनं अण्णांनी ती घेतली. आम्ही बाकावर बसलो. चव्वेचाळीस चालू होता. पंचेचाळीस ऐकून अण्णा माझ्याकडे वळले. शेहेचाळीसला त्यांचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. सत्तेचाळीसला म्हणाले, "जरा चढलाय. पण चालेल." शेजारच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली. अण्णा इतके आनंदले की त्यांनी त्या बाईंना नमस्कार केला. एकोणपन्नास येऊन वर लटकला. दालन थांबलं. आणि मग "पन्नास", सावकाश, भरघोस, घरच्या पाहुण्याला पाट मांडून द्यावा तसा.

अण्णा उठले. मी त्यांचा सदरा धरला, "अहो अण्णा, आपल्याला काही झालं नाहीये," पण ते उपरणं सावरत खोली क्रमांक दोनच्या दारातून आत गेलेसुद्धा. मी मागोमाग. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"काही नाही," अण्णा म्हणाले, "पण इतक्या अगत्यानं बोलावलंत, तर बसून कसं राहायचं?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "छान केलंत," ते म्हणाले. "आता तितक्याच अगत्यानं निघा. बाहेर गर्दी आहे."

अण्णा मोठ्यानं हसले. आम्ही वळलो, तोवर बाहेर 'एक्कावन्न' सुरू झाला होता, आणि आत येणाऱ्या माणसाला वाट द्यायला अण्णा दारात बाजूला झाले, हातानं "या, या" करत.